आमच्या अंगणात दिवे लावून देणाऱ्या वायरमनदादांना

वायरमनदादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "अहो ताई, कामच आहे आमचं" म्हणून विषय मिटवता. म्हणून आज चारचौघांत, लिहून सांगतेय.

पार्ल्यात आता बैठी घरं मोजकीच उरली आहेत, आमचं त्यातलंच एक. आंबा, पारिजातक, तुळशीवृंदावन आणि फाटकापर्यंत शहाबादी फरश्यांची वाट. आई ८४ वर्षांची आहे. काचबिंदूमुळे तिला कडेचं नीट दिसत नाही, पण तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायला तीच जाणार, तिथे कुणाचं ऐकायची नाही. गेल्या वर्षी ती पायरीवरून पडली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. तेव्हा अंगणातल्या उजेडाचं आम्ही मनावर घेतलं.

तुमच्या आधी ज्यांना काम दिलं होतं, त्यांनी लॅपटॉपवर सुंदर चित्रं दाखवली. सूर्य मावळल्यावर मात्र त्यांच्यापैकी एकही जण अंगणात उभा राहिला नाही. आंब्याच्या बुंध्यात खिळे ठोकून पांढरेफेक फ्लडलाइट लावले. आई दारातून बाहेर आली की झोत थेट डोळ्यांवर यायचा, मग पायाखालची पायरी दिसणार कशी? वायरचे जॉइंट नुसती काळी टेप गुंडाळून मातीत पुरले होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आरसीसीबी नावाचा सुरक्षेचा स्विच सारखा ट्रिप व्हायला लागला, तर त्यांचा माणूस म्हणतो, "बायपास करून देतो, मग नाही पडणार." ओल्या अंगणात अनवाणी चालणारी म्हातारी बाई आहे हे त्याला समोर दिसत होतं! ३० मिलिअँपिअर एवढी गळती झाली तरी वीज तोडणारं ते यंत्र माणसाचा जीव वाचवायला बसवलेलं असतं. ते काढून टाकायला निघालेल्या माणसाला वायरमन म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. पैसे चुकते झाल्यावर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

तुम्ही पहिल्यांदा फोनवर बोललात तेव्हाच म्हणालात, "ताई, मी अंधार पडल्यावर येतो." आलात, चहासुद्धा नंतर म्हणालात, आणि सरळ आईजवळ गेलात. "आजी, रोज जाता तसं मला तुळशीपर्यंत घेऊन चला."

दादा, ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तुम्ही टॉर्च बंद ठेवलात. तिचा हात धरलात, पण ओढलं नाहीत. ती जिथे थबकायची, पायाने चाचपायची, तिथे वाकून खडूने फुली मारत गेलात. मग पायरीपाशी गुडघे मोडून, तिच्या वाकलेल्या पाठीइतके खाली होऊन, ती बघते तिथून बघत राहिलात. पुढे दिवे बसवतानाही तेच. एकेक दिवा लागला की त्या उंचीवर बसायचं, बल्ब डोळ्यांत घुसतोय असं वाटलं की दिव्यावरची टोपी फिरवायची, परत बसायचं. माझ्या उभ्या नजरेला जे ठीक दिसत होतं ते तुम्ही दोनदा बदललंत.

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस, अगदी डॉक्टरसुद्धा, आई समोर बसलेली असताना तिच्याबद्दल मला विचारतो. "यांना दिसतं का? यांना जमेल का?" तुम्ही तिला विचारलंत. त्या रात्री जेवताना ती माझ्या भावाला फोनवर हेच सांगत होती, "अरे, त्याने मला विचारलं." दिव्यांबद्दल एक अक्षर नाही.

घरातल्या विजेचा दाब कमी करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची पेटी कुठे लावायची तेही तुम्ही तिलाच विचारलंत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा आमच्या अंगणात पाणी कुठवर चढलं होतं ते तिच्याइतकं कुणालाच आठवत नाही. तिने भिंतीवर हात ठेवला, तुम्ही त्याच्या हातभर वर पेटी बसवलीत. खाली मातीत फक्त १२ व्होल्ट. जुन्या दिव्यांच्या खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं होतं, पण आत बारीक अक्षरांत आयपी ४४ होतं. म्हणजे शिंतोडे सोसणारे, साचलेलं पाणी नव्हे. ते तुम्ही मला वाचून दाखवलंत आणि जमिनीलगत थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी टिकणारे आयपी ६७ चेच घ्या म्हणालात. मला महागातली वस्तू गळ्यात मारायची असती तर पेटीभर दिवे खपवता आले असते. तुम्ही उलट यादीतले निम्मे खोडलेत. वाटेला, पायरीला आणि वृंदावनाला २७०० केल्विनचा पिवळसर उजेड, तोही पायाशी. आंब्यातले खिळे एकेक करून उपटलेत आणि झाडावर दिवा नकोच म्हणालात, "पाखरं झोपतात तिथे." उरलेली केबल मोजून परत दिलीत.

चांगुलपणा म्हणजे काही फार मोठं करावं लागतं असं नाही, समोरच्याच्या जागी क्षणभर जाऊन बसावं लागतं. तेवढंही न करता लोक बिलं फाडतात, म्हणून तुमच्यासारखा माणूस भेटला की गळा दाटून येतो.

या पावसाळ्यात आरसीसीबी एकदाही पडला नाही. आई रोज एकटी जाते. मी आता मागे धावत नाही, खिडकीतून बघते.

जुलैत मुसळधार पावसात, न बोलावता जॉइंट बघायला आलात त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ते पाकीट आईने देवघरात ठेवलंय. दिवाळीला वहिनींना आणि मुलांना घेऊन फराळाला या आणि ते तिच्या हातून घ्या, नाही म्हणायचं नाही. आणि मागच्या गल्लीतल्या दोन घरांना तुमचा नंबर दिलाय. त्यांना बजावून ठेवलंय, अंधार पडल्यावर बोलवा आणि घासाघीस करू नका.

तुमची,
पार्ल्याची ताई