वारीला निघायच्या आधी पाय बघून घे

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू वारीचं काढलंस आणि मी नुसतं बरं बरं म्हणून फोन ठेवला, कारण बाबा शेजारीच बसलेले, त्यांचं लगेच माऊली माऊली सुरू झालेलं, त्यात मी काही बोलले असते तर "झालं, सिस्टरबाईंची ड्युटी लागली" म्हणाले असते. म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, पण वाच सगळं, नुसता अंगठा दाखवू नकोस.

जा तू, मी अडवत नाहीये. पण तुझी शुगर आत्ता मार्चमध्ये निघालीय, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, नऊच्या आसपास होतं, आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, तेही पावसात, आणि तुझं वर्षभराचं चालणं म्हणजे पार्किंग ते लिफ्ट. वर तूच म्हणतोस की पायाला काही नाही, दुखत नाही, मुंग्या नाहीत, मग टेन्शन कसलं. अरे, शुगरवाल्याचं "दुखत नाही" हे मी मोजतच नाही. शुगर जास्त राहिली की नसा खराब होतात आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी, म्हणजे पायाच्या बोटांच्या. काहींना आधी मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री पांघरुणाबाहेर पाय काढून झोपतात. काहींना यातलं काहीच होत नाही, नुसतं गुपचूप बधिर होत जातं. आणि मार्चमध्ये कळली म्हणजे मार्चमध्येच सुरू झाली असं नसतं, वर्षानुवर्षं अंगात असते आणि पत्ता नसतो.

आमच्या ड्रेसिंग रूमला एक शेतकरी आले होते, साठीचे असतील. ते काही दाखवायला आलेच नव्हते, बायकोने ओढत आणलेलं, कारण फरशीवर रक्ताचे ठसे उमटत होते आणि ती म्हणे मी आधी मांजराला शिव्या घातल्या. चप्पल काढायला सांगितलं तर तळातून खिळा आरपार वर आलेला, दोन-तीन दिवस तसेच चालत होते. अंगठ्याच्या मागे जिथे भार पडतो ना, तिथे घट्टा, घट्ट्याच्या मधोमध छोटंसं भोक, कडा पांढऱ्या फुगलेल्या. मी चिमट्याने गॉज आत सरकवत गेले, तो जातच राहिला. आणि हे गृहस्थ वरती आरामात मला यंदा कांद्याला भाव काय मिळाला ते सांगतायत. त्यांचा अंगठा शेवटी गेला, पाय वाचला. घाबरवत नाही तुला, पण पाय बोलेल याची वाट बघायची नाही, आपण रोज डोळ्यांनी बघायचं, एवढंच म्हणणं आहे.

तर जायच्या आधी घरीच एक टेस्ट कर. मोजे काढून आडवा हो, डोळे मिट, आणि सोनलला सांग दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला तर्जनीने अगदी हलकं टेकवायचं, सेकंद-दोन सेकंद, दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या तर अजिबात नाही. लागलं की तू उजवा की डावा सांगायचं. सहापैकी दोन ठिकाणी जरी कळलं नाही तरी वारीचं पुढचं बोलणं डॉक्टरांशी, माझ्याशी नाही. तसंही डॉक्टरांकडे जायचंच आहे. त्यांच्याकडे नायलॉनचा तंतू असतो, दहा ग्रॅम दाब पडला की वाकतो, तो तळव्याला टेकवून बघतात, ट्यूनिंग फोर्क हाडावर ठेवून कंप कळतो का ते बघतात आणि पायाची नाडी बघतात, एक पावलाच्या वर आणि एक आतल्या घोट्याच्या मागे. शुगर कळली की पहिल्यांदा आणि मग वर्षातून एकदा तरी हे व्हायलाच पाहिजे. तुझं झालं का? नसणार. तुम्ही रिपोर्टचा पीडीएफ दाखवता, डॉक्टर गोळी लिहितात, बूट कोणीच काढत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय तेही विचारून घे.

आता रोजचं. मुक्कामाला पोचलास की आधी पाय धुवायचे, साध्या पाण्याने. दमल्यावर गरम पाण्यात पाय बुडवून बसायची तुझी हौस मला माहितीय, ती नको, पाणी किती गरम आहे ते बधिर पायाला कळत नाही. पुसताना बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. मग मोबाईलची बॅटरी लावून बघायचं, वरून, खालून, टाचेला मागून, प्रत्येक बेचकीत. तळवा दिसत नसेल तर छोटा आरसा ने किंवा शेजारच्या माळकऱ्याला सांग, वारीत कोण नाही म्हणत नाही. नुसतं बघू नकोस, हाताचा मागचा भाग दोन्ही पावलांवर फिरव. एकच पाय जास्त गरम लागला, लाल आणि सुजलेला दिसला, तर दुखत नसला तरी चालणं बंद आणि डॉक्टर. कधीकधी आतली हाडं मोडत असतात आणि माणूस मुरगळलं असेल म्हणून तसाच चालत राहतो. संध्याकाळी दोन्ही पायांना थोडी सूज ही चालण्याने येते, रात्री पाय उशीवर घेतले की उतरते. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर ते वेगळं, तेही लगेच दाखवायचं.

पावसात सगळ्यांना होतात त्या चिखल्या. ओल्या चपला, ओले मोजे, मग बोटांच्या मध्ये कातडी पांढरी पडते, खाज सुटते, चीर पडते. इतरांना खाजेवर भागतं, तुझ्या बाबतीत त्या चिरेतून इन्फेक्शन आत जातं. बुरशीची पावडर डॉक्टरांनाच विचारून बरोबर ने, आणि मोजे भरपूर ने. पांढरे किंवा फिकट ने, रक्त-पाणी लागलं तर दिसतं, काळ्यावर काय कप्पाळ दिसणार.

फोड आला तर फोडायचा नाही. कुणीतरी मायेने सुईदोरा घेऊन येईल, ओवून देते म्हणेल, त्यांना नमस्कार कर आणि पाय मागे घे. वर कोरडी पट्टी. आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धू, वरची कातडी ओढू नकोस, ड्रेसिंग कर आणि दिंडीबरोबरच्या डॉक्टरांना दाखव. हळद, राख, चुना काही भरायचं नाही. बिब्बा तर नाहीच नाही! तुझ्या आजीचा सगळ्यावर बिब्बा असायचा, काटा मोडला बिब्बा, भेग पडली बिब्बा, आणि मग त्या भाजलेल्या कातडीचं ड्रेसिंग करायला मी. कुरूप असलं तर मेडिकलमधली कॉर्न कॅप लावू नकोस, त्यातलं अ‍ॅसिड चांगली कातडीपण खातं. ब्लेडने कापायचं तर स्वप्नातही नको.

टाचेच्या भेगा मात्र आत्तापासूनच बघ, गणपतीत आलास तेव्हा तुझ्या टाचा चादरीला अडकत होत्या. कोकणातल्या काकूने दिलेलं आमसुलाचं तेल आहे माझ्याकडे, ते पाठवते, कोमट करून रात्री लाव, नाहीतर साधं व्हॅसलिन. बोटांच्या मध्ये नको, तिथे ओलच साठते. वारीत लोक वाटेवर बसवून पाय चेपून देतात, काशाच्या वाटीने तळवे घासून देतात, घे ना सेवा करून, मस्त वाटतं, पण फोड किंवा चीर असलेल्या जागी वाटी फिरवू द्यायची नाही आणि नंतर बेचक्यांतलं तेल पुसून काढायचं. नखं जायच्या आधी कापून टाक, सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत, नाहीतर नखुरडं होतं आणि पुढचे मुक्काम लंगडत.

अनवाणी चालायचं नाही. बाबा म्हणतील अनवाणीचं पुण्य वेगळं, त्यांच्या पायाला कळतं म्हणून ते बोलतात. दुपारचं डांबर तापलेलं असतं. देवळात गेलास तरी फरशी तापलेली असेल तर जाडे मोजे घालून जा. आणि नवीन बूट घेऊन थेट आळंदीला उभा राहू नकोस, आजच घे, तेही संध्याकाळी, कारण संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असतात. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा पाहिजे. आधी घरात तासभर घाल, काढून बघ कुठे लाल झालंय का, मग हळूहळू वाढव. रोज घालायच्या आधी आत हात घालून चाचपायचं आणि उलटा करून झटकायचं, खडा निघेल, विंचूही निघेल.

पुणे ते सासवडचा दिवस मोठा, तीस किलोमीटरच्या वर आणि त्यात दिवे घाट, पाय तिथेच धरतात. सासवडला मुक्काम दोन असतात, तिथे नीट उजेडात बसून पाय बघ. काही काळं-निळं दिसलं, घाण वास आला, लाली वर सरकत चालली, पू आला, ताप आला की गाडीत बस, दवाखाना गाठ, अगदीच वाटलं तर १०८ ला फोन कर. उरलेली वारी पुढच्या वर्षी. बाबा काही म्हणाले तर मला फोन दे.

सिगारेटचं मी बोलत नाही. सोनलने सांगितलंय मला. रक्तवाहिन्या आकसतात एवढंच लिहून ठेवते.

रोज रात्री दोन्ही तळव्यांचे फोटो पाठवायचे, बोटं फाकवून, फ्लॅश लावून, अंधारातले धुरकट नकोत. आणि मला पर्सनलवर पाठव, फॅमिली ग्रुपवर नको, मागे मामाने मूळव्याधीचा रिपोर्ट टाकला होता तेव्हापासून आत्या जेवताना ग्रुप उघडत नाही.

तुझी,
आई