मोठ्या खोलीचं काम काढलंय

सातारा, १४ एप्रिल

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबांना आवाज तुटक येतो आणि आईचं दूध उतू जातं. म्हणून लिहायला बसले. पत्र आलं की बाबा ते दोनदा वाचतात आणि पाकिटावर तारीख घालून ठेवतात, फोनचं तसं होत नाही.

मोठी गोष्ट आधी सांगते. खालची मोठी खोली तुमच्यासाठी करायला घेतली आहे. करू का, असं विचारत नाहीये. गवंडी लागलाय, जुन्या फरशा निघाल्यात, अजितनं त्याची पुस्तकं आणि तो व्यायामाचा पसारा वर हलवलाय. पावसाच्या आत तुम्ही इथं यायचं. कुंभार्ली घाट कोरडा असताना, मे महिन्यात. चिपळूणचं घर विकायचं नाहीये, बाबा. कुलूप लावायचं, दर दोन महिन्यांनी जाऊन उघडायचं, आंब्याला तर जायचंच. पण जुलैमध्ये तुम्ही दोघं तिथं आणि मी इथं टीव्हीवर वाशिष्ठीचं पाणी बघतेय, हे मला पुन्हा जमणार नाही. भिंतीवरची २००५ ची रेघ तुम्ही पेन्सिलनं काढलीत, तिच्या वर २०२१ ची काढलीत. तिसरी काढायला तुम्ही तिथं असू नये एवढंच म्हणणं आहे.

आता तुमची पहिली शंका मला पाठ आहे. ‘ती खोली? तिच्यात ती मधली पायरी आहे ना?’ आहे. दिवाळीत आईचा पाय तिथंच वळला होता आणि ‘काही नाही गं, साडीत अडकला’ म्हणत ती तीन दिवस लंगडत फराळाचं करत होती. मी तेव्हा बोलले नाही, पण त्या दिवसापासून ती पायरी डोक्यात आहे.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आधीच्या मालकानं पाया खणताना मागच्या बाजूला काळा खडक लागला, तो फोडायचा खर्च वाचवला आणि खोली अर्धी खडकावर, अर्धी खाली अशी बांधून टाकली. २४ फूट लांब खोली, त्यातली मागची ११ फूट वर, पुढची १३ फूट तिच्यापेक्षा १४ इंचांनी खाली. मधे कोपऱ्यात अंग चोरून दोन चढ, ७-७ इंचांचे, आणि पायरी एवढी अरुंद की आपलं निम्मं पाऊल बाहेर. बाकीची कड सगळी उघडी.

दादाचं म्हणणं, भराव घालून सपाट करून टाक. तो फोनवरून सगळंच सपाट करतो. मी मापं घेतली. खालच्या बाजूच्या खिडक्यांचा कट्टा अडीच फुटांवर आहे, १४ इंच भराव टाकला की तो १६ इंचांवर येतो, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. तोल गेला तर माणूस सरळ खिडकीवर. अंगणात उघडणारं दार ७ फुटी आहे, ते राहतं ५ फूट १० इंच. बाबांच्या डोक्याला चौकट रोज लागेल. आणि एवढं करून पायरी जाते कुठं? दाराबाहेर, अंगणात, पावसात. मग उतरण करू म्हटलं, तर तिचाही हिशोब आहे. इंचाला फूट धरतात, म्हणजे १४ इंचांना १४ फूट. आपली खालची बाजूच १३ फुटी! आखूड केली तर ती घसरगुंडी होईल, आणि ओल्या पायानं उतरणीवरून येणं पायरीपेक्षा वाईट.

तेव्हा पायरी ठेवली, आणि खोली अशी मांडली की रात्री तुम्हाला ती ओलांडायचं कामच पडू नये. न्हाणीघराचं दार वरच्या बाजूला आहे. म्हणून झोपणं वर. दोन वेगळे पलंग केलेत, कारण बाबा रात्री तीनदा उठतात आणि आई प्रत्येक वेळी ‘काय झालं’ म्हणून जागी होते. बाबांचा पलंग न्हाणीघराच्या बाजूला. गादीसकट त्याची उंची २० इंच, आईच्या पलंगाची १७. हसू नका. कडेवर बसल्यावर दोघांचेही तळवे पूर्ण जमिनीला टेकले पाहिजेत, तरच उठताना गुडघ्यावर भार येत नाही. डोकं दक्षिणेला आलंय, आई, तू विचारायच्या आधीच सांगते. न्हाणीघराचा उंबरा काढून टाकला. पाणी बाहेर येईल म्हणशील, पण आतल्या फरशीला ढाळ दिलाय आणि दाराशी जाळी बसवलीय. कमोड उंच आहे, शेजारी धरायला दांडी आहे. टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती निखळते. वेगळी दांडी लावलीय ती त्याच्यासाठी आहे.

उघड्या कडेची मला सगळ्यात जास्त भीती होती. पलंगाजवळून मागं सरकताना माणूस सरळ खाली जायचा. तिथं आता कडेकडेनं अडीच फूट उंचीचं बैठं कपाट येतंय, जमिनीला पक्कं ठोकलेलं. बाबांची पुस्तकं, रेडिओ, औषधांचा डबा, सगळं त्यावर आणि त्यात. म्हणजे कड राहिलीच नाही. खाली जायला एकच वाट. तिथं ४ फूट रुंद पायऱ्या केल्यात, दोनाऐवजी तीन चढ, प्रत्येक पावणेपाच इंचांच्या आत आणि पाऊल टेकायला फूटभर जागा. तिन्ही चढ अगदी सारखे हवेत म्हणून मी गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिले. एक चढ अर्ध्या इंचानं चुकला तरी पाय तिथंच अडखळतो. तो वैतागला, पण त्यानं एक पायरी तोडून पुन्हा केली. दोन्ही बाजूंना लाकडी कठडा, हातात मावेल असा गोल, आणि तो शेवटच्या पायरीच्या पुढं फूटभर गेलेला. पाय जमिनीवर नीट टेकेपर्यंत हात सुटता कामा नये.

रंगाचं आता. जुनी फरशी वर-खाली एकसारखी होती, त्यामुळे वरून बघितलं की कड दिसायचीच नाही, सगळं एक पटांगण वाटायचं. आईचं तेच झालं. म्हणून वर फिकट राखाडी, खरखरीत फरशी, आणि खाली लाल कोबा. हो, कोबा! इथं तो करणारा म्हातारा मिस्त्री शोधून काढलाय. आता किती दिवस पाणी मारत बसायला लागेल ते बघायचं, पण आपल्या ओटीवर उन्हाळ्यात गाल टेकून झोपायचे ना मी, तसा गार लागला पाहिजे, एवढं त्याला सांगितलंय. पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी. दिसायला काही फार सुरेख नाही, शाळेच्या जिन्यासारखी दिसते. पण बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरं राहिलंय, आणि दुहेरी काचांच्या चष्म्यातून खाली बघितलं की नेमकी पायरीच धूसर दिसते, कारण खालची काच वाचायची. बाबा, डॉक्टरांना विचारून चालायचा चष्मा वेगळा करून घ्या. पुढच्या तपासणीलाच. ‘बघू’ नको.

दिव्यांचं मी जरा जास्तच केलंय असं अजित म्हणतो. बाबा पलंगावरून पाय खाली सोडतील तेव्हा पलंगाखाली पिवळसर दिवा आपोआप लागेल, तसाच पायऱ्यांच्या पोटात. मोठा दिवा दारापाशी आणि उशाशी, दोन्हीकडून लागतो. पंखे दोन आहेत. वरच्या बाजूला छत ८ फूट १० इंचांवरच येतं, म्हणून तिथला पंखा छताला चिकटून आहे. पलंगावर उभं राहून तो पुसायचा नाही. बाबा, हे तुम्हालाच उद्देशून आहे.

आणि खालची बाजू दिवसाची. खरं सांगू का, मला ती खोली विचित्र वाटायची ती कशी मांडायची ते कळत नव्हतं म्हणून. मग लक्षात आलं की आपल्या चिपळूणच्या घरात तरी एक पातळी कुठं आहे? अंगणातून पडवी, पडवीतून ओटी, ओटीवरून माजघर, दर वेळी पायरी. दिवे गेलेले असताना आई हातात चिमणी न घेता माजघरातून पडवीत यायची, पाय आपोआप मोजायचे. बाबा मला पावसाळ्यात शाळेतून आल्यावर चिखलाच्या पायांनी पायरी चढू द्यायचे नाहीत, तिथूनच उचलून थेट न्हाणीत. ही खालची बाजू तुमची पडवी. फक्त या पायऱ्या पायांना ओळखीच्या व्हायला वेळ लागेल, तोवर कठडा धरायचा. आणि झाल्यावरही धरायचा.

झोपाळा इथं येतोय. पुरातून फळी वाचली ती याच्यासाठीच, असं मी धरून चालते. तो पायऱ्यांच्या वाटेत येणार नाही, एका बाजूला, पायऱ्यांना समांतर झुलेल असा, पुढं-मागं तीन-तीन फूट मोकळं ठेवून. अंगणाचं दार समोर. सकाळचं ऊन तिथं येतं. तगर आणि अनंत लावलाय, जास्वंदीची फांदी तू आण. डिसेंबरात इथं थंडी आपल्याकडच्यापेक्षा बरीच कडक असते, म्हणून खिडक्यांना जाड पडदे शिवायला टाकलेत, पण जमिनीपासून चार बोटं वर. लोळणारे पडदे नकोत.

आई, देव्हारा पूर्वेच्या भिंतीला आहे, अडीच फुटांच्या ओट्यावर. पूजा खुर्चीत बसून करायची. देवाला चालतं. तुझ्या गुडघ्याला पाटावरून उठायला चालत नाही. फार वाटलं तर संकष्टीला पाट मांडू, मी हात देईन.

आता काय आणायचं आणि काय नाही. तुमच्या औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे एका पिशवीत. गोधड्या सगळ्या आणा, हिरव्या काठाची तर नक्कीच, मुक्तानं ती आधीच स्वतःची म्हणून जाहीर केलीय. लोखंडी ट्रंका नको. बंब नको. आणि आई, तू चिंध्यांची जी पायपुसणी करतेस, ती मला फार आवडतात, भिंतीवर लावते हवं तर, पण जमिनीवर एकही नको. चप्पल मागून पट्टा असलेली घालायची, घरातसुद्धा. रात्री उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसायचं, मग उभं राहायचं. बाबांची बीपीची गोळी वाढल्यापासून हे दोनदा सांगून झालंय.

मुलीच्या घरी कायमचं कसं राहायचं, हे बाबा बोलणार नाहीत पण मनात धरतील. बाबा, या घराच्या हप्त्यात निम्मा पगार माझा जातो, आणि तो पगार तुम्ही मला पुण्याला शिकायला पाठवलंत म्हणून मिळतो. अजितनं खोली स्वतःहून रिकामी केली, मी मागितली नव्हती. दादाला वाईट वाटू नये म्हणून दिवाळी त्याच्याकडे करायची, हे आमचं ठरलंय. खर्चाचं विचारू नका. बरं, अगदीच झोप लागणार नसेल तर कोब्याचे पैसे तुम्ही द्या. तेवढंच, आणि पेन्शनमधून, मुदतठेव मोडून नाही.

नाहीच करमलं तर परत सोडून येईन, शब्द देते. पण एक पावसाळा तरी काढून बघा. राजवाड्यावर संध्याकाळी फेरी आहे, बाबांच्या वयाची मंडळी बसलेली असतात, वाद घालायला, पत्रिकेतले सगळे ग्रह जुळतील असा एखादा माणूस तिथं नक्की मिळेल. कंदी पेढे मात्र आठवड्याला एक, साखर बघून.

तुमची
मनी

ता. क. झोपाळ्याच्या कड्यांची लांबी हवी आहे. आपल्या ओटीची तुळई बरीच खाली, इथं स्लॅब १० फुटांवर, त्यामुळे कड्या वाढवाव्या लागणार. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घ्या आणि आकड्यापासून फळीपर्यंत चारही मोजा, सारख्या नसतील. स्टुलावर बाबांनी चढायचं नाही. शेजारच्या पोराला बोलवा आणि मला शनिवारच्या आत कळवा, लोहार रविवारी येतोय.