रविवारच्या वजन-नोंदीबद्दल सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ६:३० ते ७:३० या वेळेत व्यायाम सुरू होण्याआधी हॉलमध्ये सगळ्यांची मासिक वजन-नोंद होईल. नवीन बॅचनेही यायचं आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत काट्यावर एक-दीड किलो जास्त दिसलं तर कृपया घाबरू नका. ती चरबी नाही. नव्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून येईपर्यंत तिथे पाणी साठतं. जिना उतरताना मांड्या भरून येतात ना, तेच दिवस हे. शिवाय स्नायू ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) साठवतात आणि त्याच्या दर १ ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतात. उलट घामाने लिटरभर पाणी गेलं की काटा लगेच किलोभर खाली येतो. तेही खरं घटणं नव्हे, पाणी प्यायलं की भरून येतं.

म्हणून:
- शनिवारी जोराचा व्यायाम नको.
- सकाळी शौचाला जाऊन, काही खाण्याआधी या. कपडे हलके, बूट काढून.
- वजन कमी दिसावं म्हणून पाणी तोडू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

पाय सुजले, धाप लागली किंवा व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर रविवारची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.

मागची नोंदवही सोबत आणा.

— बॅच समन्वयक