धूरविरहित तंबाखू : दुखत नाही तोवर दुर्लक्ष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी जे छापून येते, त्यात बहुतेक वेळा सिगारेट आणि बिडीचाच विचार असतो. चघळायची, दाढेशी धरून ठेवायची, दातांना घासायची किंवा नाकाने ओढायची तंबाखू मागेच राहते. धूर नाही, फुप्फुसात काही जात नाही, म्हणजे ती त्या मानाने निरुपद्रवी असणार, हा समज त्यामुळे पक्का होत जातो. दंतवैद्य म्हणून मी तो सतत ऐकते, आणि त्याला स्पष्ट उत्तर मिळायला हवे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

तंबाखूतील सर्वात घातक रसायनांपैकी काही, म्हणजे एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइन्स, पाने वाळवताना आणि आंबवतानाच तयार होतात. त्यासाठी तंबाखू पेटवावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे, कारण तिच्यामुळे तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे. ती सिगारेटला सुरक्षित पर्याय नाही, हे तर अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यविषयक प्रमुख डॉक्टरांच्या, अहवालाने 1986 मध्येच सांगितले होते.

तंबाखूचा बार बहुतेक जण नेहमी एकाच जागी, ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये किंवा गालाच्या आतल्या बाजूला धरतात. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ सोबत असेल तर निकोटिन मोकळे होऊन पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते, आणि तलफ लागते ती इथूनच. बरोबर त्याच जागी पुढे हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, आतली त्वचा जाड, सुरकुतलेली आणि पांढुरकी होते. हा पांढरा चट्टा बोटाने किंवा ब्रशने पुसला जात नाही. तो दुखतही नाही, आणि माझ्या मते या व्यसनातला सर्वात मोठा धोका हाच आहे, कारण दाढ दुखली की माणूस धावत येतो, पण न दुखणारा चट्टा वर्षानुवर्षे तसाच राहतो. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात बदलतो असे मुळीच नाही. मात्र कोणता बदलेल हे नुसते पाहून सांगता येत नाही, म्हणून तुकडा काढून तपासावा लागतो. चट्टा लाल किंवा लाल-पांढरा असेल तर शंका अधिकच. मिश्रणात सुपारी असेल तर गालाच्या आतील ऊती ताठरतात, तोंड उघडेनासे होते, तिखट सोसवत नाही, आणि आलेला ताठरपणा तंबाखू-सुपारी सोडल्यावरही सहसा पूर्णपणे जात नाही.

नुकसान तोंडापुरते थांबत नाही. निकोटिनमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात, आणि हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यू येण्याचा धोकाही या तंबाखूशी जोडला गेला आहे. गरोदरपणी ती घेतल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ, प्रसंगी मृत बाळ जन्माला येणे, असे परिणाम संभवतात. दात घासायला म्हणून ती वापरणाऱ्या स्त्रिया स्वतःला तंबाखू घेणाऱ्यांत धरतच नाहीत, त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. डॉक्टरांनी हा प्रश्न वेगळ्या शब्दांत, दातांना काय लावता असा, विचारावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सोडणे सोपे नाही, हे मान्य. चिडचिड, झोपमोड, लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ओसरत जातो. समुपदेशन आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली निकोटिनची गोळी किंवा पट्टी यांची मदत होते. बार धरण्याच्या जागेवरचा पांढरा चट्टा तंबाखू थांबवल्यावर बहुतेकदा काही आठवड्यांत फिका पडतो. तो तसाच राहिला, किंवा तोंडातली कोणतीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती दुखत नसली तरी दाखवावी. आपल्या वृत्तपत्राने तंबाखूविषयी लिहिताना धूम्रपानाइतकीच जागा या तंबाखूलाही द्यावी आणि पांढऱ्या व लाल चट्ट्यांची छायाचित्रे छापावीत, म्हणजे वाचकांना आरशात काय शोधायचे ते कळेल.

आपली,
एक दंतवैद्य वाचक