वजनकाट्याशेजारी टेप हवी

संपादक महोदय,

गणेशोत्सवात आणि गड्डा यात्रेच्या सुमारास सोलापुरात मोफत आरोग्य शिबिरे भरतात. तिथे वजन, रक्तदाब, साखर तपासतात. कमरेचा घेर मोजणारे शिबिर विरळाच. खरी भानगड मात्र पोटातल्या चरबीत असते.

चरबीची पेशी फुगत गेली की तिला प्राणवायू अपुरा पडतो आणि अखेर ती मरते. ताणाखाली असतानाच ती एमसीपी-१ हे रसायन सोडून रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना बोलावते. चरबीत शिरल्यावर त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी होतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडे करून सांडलेली चरबी गिळत बसतात. सडपातळ माणसाच्या चरबीत या पेशी शंभरात दहाहून कमी, लठ्ठ माणसाच्या चरबीत जवळपास चाळीस, असे २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. या भक्षक पेशींतून झिरपणारे टीएनएफ हे दाह वाढवणारे रसायन इन्सुलिनचा निरोप पेशीत पोहोचवणाऱ्या प्रथिनावर भलत्याच जागी फॉस्फेट बसवायला लावते. इन्सुलिन असूनही साखर रक्तातच राहते.

हा दाह दुखत नाही, तापही येत नाही. टीएनएफ अडवणारी इंजेक्शने मधुमेहींना देऊन पाहिली, तरी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद फारसा सुधारला नाही. तेव्हा ‘आतली सूज उतरवणाऱ्या’ काढ्यांच्या जाहिराती वाचकांनी खुशाल दुर्लक्षाव्यात.

वजन ठीक म्हणून निर्धास्त राहणेही चूक. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१ टक्के. हे त्यांनी स्वतःच २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले.

घेर मोजताना घोळ होतो तो जागेचा. पुरुष पँटचा नंबर सांगतात, पण पट्टा सुटलेल्या पोटाखाली असतो. बायकांचा घेर निऱ्या आणि परकराच्या नाडीवरून घेतला की आकडा फुगतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या त्वचेवर, टेप जमिनीला समांतर धरून, सहज श्वास सोडल्यावर मोजावे. पोट आत ओढू देऊ नये. भारतीय पुरुषात ९० सेंमी आणि स्त्रीत ८० सेंमीच्या पुढे गेले की उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासावे. सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणी करायचीच असेल, तर सर्दी-ताप नसताना. लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा.

शिंप्याची टेप पाच-पंचवीस रुपयांत मिळते. महिलांसाठी आडोसा आणि मोजायला एक परिचारिका, एवढी सोय मंडळांनी करावी आणि घेराचा आकडा शिबिराच्या कार्डावर वजनाशेजारी लिहावा.

— एक वैद्यकीय शिक्षक, सोलापूर