तिकिटावरचे सव्वादोन तास नेमके कशाचे?

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली आणि आम्हा ठाणेकरांच्या घरोघरी नवा वाद सुरू झाला: अंधेरीकडच्या जुन्या विमानतळावरून जायचं की उलव्याकडच्या नव्या? घोडबंदर रोडवाल्यांचं गणित वेगळं, कळव्या-ऐरोलीकडच्यांचं वेगळं. रस्त्यावरचं आम्ही आमचं बघून घेऊ. त्याची सवय आहे. विमानात बसल्यानंतरचा हिशेब मात्र आम्हाला कुणी देत नाही.

दिल्लीचंच घ्या. दोन्ही विमानतळांपासून तिचं हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. दोन्हींत दहा किलोमीटरचाही फरक नाही. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. चढणं-उतरणं, थोडा वळसा धरला तरी पावणेदोन तासांत काम व्हावं. तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास छापलेलं असतं. कारण तो वेळ निव्वळ उड्डाणाचा नसतोच. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तेव्हापासून ते पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा तो ‘ब्लॉक टाइम’. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आणि वर घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं.

याला खरी कारणं आहेत, हे मान्य. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच धरून चालावं लागतं. हिवाळ्यात वरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे कोलकात्याला जाताना विमान लवकर पोहोचतं, येताना तेच वारे आडवे येतात. (आपण पुण्याचे, हवाई दलाच्या लोहगावच्या धावपट्टीवर स्लॉट (उड्डाणाची किंवा उतरण्याची ठरलेली वेळ) मिळवणं काय असतं, ते आपल्याला मी काय सांगणार!)

पण याच ब्लॉक टाइममध्ये कंपनीला वीस मिनिटं जास्तीची धरून ठेवता येतात. वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’च धरतात, त्यामुळे वेळापत्रक जेवढं सैल तेवढा वक्तशीरपणाचा आकडा देखणा. मग कॅप्टन ‘आपण वेळेआधी पोहोचलो’ असं जाहीर करतो आणि आपणही खूश होऊन बॅग उतरवतो.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारं महासंचालनालय, दर महिन्याला वक्तशीरपणाचे आकडे देतं. त्यांच्या शेजारी आणखी तीन रकाने हवेत: गेट सोडल्यापासून चाकं सुटेपर्यंतचा, प्रत्यक्ष हवेतला आणि चाकं टेकल्यापासून गेटपर्यंतचा वेळ. प्रत्येक मार्गासाठी, आणि मुंबई व नवी मुंबई वेगवेगळे. या वेळा कंपन्यांकडे नोंदलेल्या असतातच, नवी यंत्रणा उभारायला नको. दिल्लीचं अंतर दोन्हीकडून सारखंच असेल, तर खरा फरक जमिनीवरच्या रांगेत आणि घिरट्यांतच पडणार, आणि आम्हाला निवड करायची ती त्याच्यावर.

दुसरी मागणी छोटी आहे. तिकीट काढताना नुसतं ‘मुंबई’ न दाखवता विमानतळाचं पूर्ण नाव ठळक दाखवण्याची सक्ती करा. दोन विमानतळांत सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरच आहेत, पण एकीकडे उतरून दुसरीकडून पुढचं विमान पकडायचं तर मध्ये मुंबईची वाहतूक आहे. कासारवडवलीहून पहाटे निघालेलं कुटुंब चुकीच्या दारात जाऊन उभं राहिलं, तर त्याला अटल सेतूचा २१.८ किलोमीटरचा रस्ताही वाचवू शकणार नाही.

आपला,
ठाण्याचा एक प्रवासी