सॉक्रेटिसला विष देणारा राजा कोणता?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या धरमपेठ भागातील एका शाळेने आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावले होते. सत्यनिष्ठेवर बोलायचे होते. अकरा मुले बोलली, त्यांतील चौघांनी ग्रीक तत्त्ववेत्ता सॉक्रेटिसचा दाखला दिला आणि चौघांच्याही भाषणात 'क्रूर राजाने सॉक्रेटिसला विषाचा प्याला दिला' हे वाक्य जवळजवळ शब्दशः सारखे आले. टाळ्याही नेमक्या त्याच वाक्यावर पडल्या. गुणपत्रिकेच्या समासात मी पेन्सिलीने 'राजा नव्हता' असे चार वेळा लिहिले. पारितोषिक वितरणाच्या गडबडीत ते सांगायचे राहून गेले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना ज्यांनी भाषणे लिहून दिली, त्या पालक-शिक्षकांच्या डोक्यातही हाच राजा बसलेला असतो. खुनशी राजा आणि शांत म्हातारा अशी जोडी जमली की गोष्ट सांगायला सोपी जाते आणि ऐकणारा आपोआप म्हाताऱ्याच्या बाजूचा होतो. मी एकतीस वर्षे न्यायालयात लघुलेखक म्हणून साक्षी आणि निकालपत्रे उतरवून घेतली असल्यामुळे कोणतीही गोष्ट ऐकली की न्यायाधीश कोण, आरोप काय आणि शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपी काय बोलला, हे तीन प्रश्न मला सवयीने पडतात. सॉक्रेटिसच्या बाबतीत या तिन्हींची उत्तरे आपल्या शालेय भाषणांपेक्षा फार वेगळी आहेत.

इसवी सनपूर्व 399 मध्ये अथेन्समध्ये राजा नव्हताच. लोकशाही होती, आणि चारच वर्षांपूर्वी मोठ्या झगड्यानंतर ती परत मिळवलेली होती. खटल्याचा निवाडा करायला आपल्यासारखे न्यायाधीश नव्हते की वकील नव्हते. दरवर्षी 6000 नागरिकांची चिठ्ठ्या टाकून निवड होई, त्यांतून खटल्यापुरते पंच घेतले जात, आणि त्यांना दिवसाला तीन ओबोल, म्हणजे अर्धा द्राख्मा, भत्ता मिळे. सॉक्रेटिससमोर असे सुमारे 500 पंच बसले होते. वय वर्षे तीसच्या पुढचे, शपथ घेतलेले, साधे गावकरी लोक. फिर्यादी तिघे होते : मेलेटस, लायकन आणि तिघांतला वजनदार असामी अनायटस, जो लोकशाही परत आणणाऱ्या पुढाऱ्यांपैकी एक होता. नगराने मानलेले देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे असे आरोप होते.

या आरोपांमागे न बोललेली एक गोष्ट होती. स्पार्टा या प्रतिस्पर्धी ग्रीक नगराबरोबरच्या दीर्घ युद्धात अथेन्स इसवी सनपूर्व 404 मध्ये हरले, त्यानंतर तीस जणांच्या जुलमी टोळीने काही महिने रक्तपात केला, आणि त्या टोळीचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसच्या भोवती वावरणारा होता. ऐन युद्धात शत्रूला जाऊन मिळालेला अल्किबियाडीस तर सॉक्रेटिसचा लाडकाच समजला जाई. लोकशाही परतल्यावर जुन्या राजकीय गुन्ह्यांना सर्वसाधारण माफी दिली गेली होती, त्यामुळे त्याबद्दल उघड बोट दाखवता येत नव्हते. ज्यांच्या घरातली माणसे त्या काळात गेली होती, असेही लोक त्या 500 जणांत बसले असणार. त्यांना राक्षस ठरवणे मला जमत नाही.

खरे म्हणजे सॉक्रेटिस कोणत्याच बाजूचा नव्हता, आणि हे त्याने न्यायालयात दोन दाखले देऊन सांगितले. इसवी सनपूर्व 406 मध्ये आर्गिन्युसीच्या नाविक लढाईनंतर, वादळात सापडलेले सैनिक वाचवले नाहीत म्हणून सेनापतींवर एकत्रित खटला चालवून सर्वांना एकदमच शिक्षा द्यावी असा सभेचा आग्रह होता. तो बेकायदेशीर होता. त्या दिवशी अध्यक्ष-मंडळात असलेला सॉक्रेटिस एकटा विरोधात उभा राहिला, लोक आरडाओरडा करत असताना उभा राहिला, आणि तरी सहा सेनापतींना मृत्युदंड झालाच. पुढे तीस जुलमींच्या राज्यात त्याला आणि आणखी चौघांना बोलावून, सालामिसहून लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणा असे फर्मान सोडले गेले. बाकीचे चौघे गेले. हा सरळ घरी निघून गेला. बहुमतालाही नाही म्हणायचे आणि हुकूमशहालाही नाही म्हणायचे, हे त्याने सत्तर वर्षांचा होण्याआधीच करून दाखवले होते. विषाचा प्याला हा त्या सवयीचा शेवटचा दिवस होता.

संपूर्ण खटला एका दिवसात संपला. भाषणाला पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून मिळे. देहदंडाचे खटले इतरत्र चालतात तसे अनेक दिवस चालले असते तर मी तुम्हाला पटवू शकलो असतो, अशी तक्रार सॉक्रेटिसने बोलून दाखवली आहे. तारखांवर तारखा टाइप करण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हे वाचून थोडे हसू आले तर माफ करावे.

पहिले मतदान झाले. तीस मते इकडची तिकडे गेली असती तर मी सुटलो असतो, असे सॉक्रेटिसच म्हणतो. पंच 500 धरले तर दोषी म्हणणारे 280 आणि निर्दोष म्हणणारे 220 असा हिशेब निघतो. म्हणजे जवळजवळ निम्म्या अथेन्सला त्याला सोडायचे होते. यानंतर जे झाले त्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे.

आपल्याकडे 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 235(2) आले, आणि दोषी ठरलेल्या आरोपीला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घेणे बंधनकारक झाले. तो परिच्छेद मी शेकडो वेळा उतरवून घेतला आहे. मे महिन्यात कूलरच्या आवाजात आरोपीचा शब्द ऐकू येत नाही म्हणून कूलर बंद करायला लावायचा, घामाने ओल्या बोटांनी कागद सरळ करायचा, आणि मग तेच ऐकायचे : घरी म्हातारी आई आहे, मुले लहान आहेत, कमावता मी एकटाच आहे, दया दाखवावी. बहुतेक वेळा ते खरेच असायचे. दाराशी बायको दोन पोरांना कडेवर घेऊन उभी असायची. हे मी हिणवून लिहीत नाही. माझ्यावर वेळ आली असती तर मीही हेच बोललो असतो.

अथेन्समध्येही हीच रीत होती. फिर्यादी एक शिक्षा सुचवी, आरोपी दुसरी सुचवी आणि पंच त्या दोहोंतून एक निवडत. मुलेबाळे समोर आणून रडवण्याचा रिवाजही होता. सॉक्रेटिसला तीन मुलगे होते, एक वयात येत असलेला आणि दोन लहान. ते त्याने बोलून दाखवले आणि लगेच सांगितले की त्यांतल्या एकालाही मी इथे आणणार नाही. पंचाचे काम कायद्याप्रमाणे निवाडा करण्याचे आहे, त्याला विनवण्या करून त्याची शपथ मोडायला लावणे मला शोभत नाही. मेलेटसने मृत्युदंड मागितला. त्या काळी हद्दपारी सुचवली असती तर पंचांनी ती बहुधा आनंदाने मान्य केली असती. सॉक्रेटिसने काय सुचवले? नगराच्या भोजनगृहात, जिथे ऑलिंपिकच्या विजेत्यांना सन्मानाने जेवू घालत, तिथे मला आयुष्यभर फुकट जेवण द्या. कारण मी जे करत आलो, लोकांना त्यांच्या मनाची काळजी घ्यायला लावले, त्याचे योग्य बक्षीस तेच आहे. दंडच पाहिजे असेल तर एक मिना, म्हणजे शंभर द्राख्मा, देऊ शकतो. तेव्हा शेजारी बसलेले त्याचा शिष्य प्लेटो, क्रिटो, क्रिटोब्युलस आणि अपोलोडोरस यांनी जामीन राहायची तयारी दाखवली आणि रक्कम तीस मिनांवर गेली. ती काही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती : एका पंचाचा 6000 दिवसांचा भत्ता होईल इतकी होती.

दुसऱ्या मतदानात मृत्युदंडाच्या बाजूची मते वाढली. फार उत्तरकाळचा चरित्रकार डायोजेनिस लेर्शियस याने दिलेला आकडा मानला तर 80 मते वाढली. याचा अर्थ असा की, तासाभरापूर्वी ज्यांनी त्याला निर्दोष म्हटले होते अशा 80 जणांनी त्याला मारण्याच्या बाजूने मत दिले. मी आयुष्यभर निकालपत्रे टाइप केली, पण यासारखे काही माझ्या हाताखालून गेले नाही. आरोप सिद्ध झाला नाही असे वाटत असतानाही मृत्युदंड! का? मला वाटते, तो गयावया करेल याची ते वाट पाहत होते. त्यांना दया दाखवायची होती आणि त्याने ती मागितली नाही. म्हणूनच राजा काढून टाकायला हवा असे मी म्हणतो. राजाच्या जागी ते 80 जण ठेवले की श्रोत्यांना टाळ्या वाजवताना थोडे थांबावे लागते.

त्याचाच दुसरा शिष्य झेनोफोन याने लिहिले आहे की म्हातारपणाचे हाल टाळायला त्याला मरायचेच होते, म्हणून तो इतका ताठ बोलला. झेनोफोन त्या वेळी आशियात लष्करी मोहिमेवर होता, तर प्लेटो न्यायालयात हजर होता, त्यामुळे मी प्लेटोने लिहिलेल्या हकिकतीकडे झुकतो. पण झेनोफोनचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. तुला निर्दोष सोडतो पण यापुढे लोकांना प्रश्न विचारणे बंद कर, अशी अट घातली तर ती मी मानणार नाही, असे सॉक्रेटिसने न विचारता सांगितले होते. तडजोडीचे दार त्यानेच आधी बंद केले होते.

आपल्या महाराष्ट्राने असा प्रसंग 1908 मध्ये पाहिला आहे. 22 जुलैच्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीने टिळकांना सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले. काही बोलायचे आहे का, असे न्या. दावर यांनी विचारले. मुले, प्रकृती, वय यांतले काहीच न काढता, ज्यूरीने काहीही म्हटले तरी मी निर्दोष आहे आणि माणसांच्या व राष्ट्रांच्या नशिबावर याहून मोठ्या शक्तींची सत्ता चालते, असे टिळक बोलले. ते शब्द आज त्याच न्यायालयात कोरलेले आहेत. योगायोग असा की त्याच 1908 मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतून 'इंडियन ओपिनियन'मध्ये सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणाचा गुजराती सारांश एका सत्यवीराची कथा म्हणून छापला, आणि 1910 मध्ये मुंबई सरकारने त्या पुस्तिकेवर बंदी घातली. तेवीस शतकांपूर्वी एका म्हाताऱ्याने केलेले भाषण सरकारला अजूनही आक्षेपार्ह वाटले, ही गोष्ट मुलांच्या भाषणात घातली तर जास्त रंगेल.

सॉक्रेटिसचा शेवटचा दिवसही खऱ्या तपशिलानिशी सांगावा. डेलॉस बेटाकडे गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत कुणाला देहांत देता येत नसल्यामुळे तो महिनाभर तुरुंगात होता. मित्र क्रिटोने पळून जाण्याची सगळी व्यवस्था केली होती. सत्तर वर्षे ज्या नगराचे कायदे मानले, ते आपल्याविरुद्ध वापरले गेले म्हणून मोडायचे का, असे विचारून त्याने ती नाकारली. फरार घोषित व्हायला तो तयार नव्हता. त्या संध्याकाळी बायकांना प्रेत धुण्याचा त्रास नको म्हणून त्याने आधीच आंघोळ उरकली. प्याल्यातून थोडे देवाला वाहू का, असे त्याने विचारले तेव्हा विष देणारा म्हणाला, लागते तेवढेच आम्ही कुटतो. ते प्यायल्यावर सॉक्रेटिस पाय जड होईपर्यंत फिरला, मग आडवा झाला. त्या माणसाने पाय जोरात दाबून पाहिला, काही कळते का विचारले, नाही म्हणाला. थंडपणा वर वर चढत गेला. शेवटी त्याने क्रिटोला सांगितले की, वैद्यकदेव अस्क्लेपिअसला आपण एक कोंबडा देणे लागतो, तो द्यायला विसरू नका.

स्पर्धेत तिसरी आलेली आठवीतली मुलगी मला दाराशी भेटली. तिला मी हे सगळे धावत्या शब्दांत सांगितले. तिने विचारले, 'आजोबा, मग त्या 280 लोकांचं पुढे काय झालं?' अथेन्सला पश्चात्ताप झाला आणि फिर्यादींना शिक्षा झाली, अशा कथा फार नंतर लिहिल्या गेल्या, त्या मला फारशा पटत नाहीत. तेव्हा मी तिला सांगितले की, बहुधा ते आपला दिवसाचा भत्ता घेऊन जेवायला घरी गेले असतील. ती हसली नाही. पुढच्या फेरीतल्या भाषणात 'राजा' हा शब्द गाळून तिथे 'पाचशे शेजारी' घालते, असे तिने कबूल केले आहे. इतर शाळांच्या शिक्षकांनी हे पत्र वाचले तर तेवढी दुरुस्ती त्यांनीही करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखक
धरमपेठ, नागपूर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)